डावीकडची सीट प्रमाणाबाहेर तापते

तुमच्यातल्या मोठ्यानं परवा फोनवर सांगितलं, की त्याच्या मोटारीची गरम होणारी सीट गरम व्हायची थांबली आहे. गॅरेजवाला दुरुस्तीचं जे सांगतो ते ऐकूनच अंग तापतं म्हणे, त्यामुळे गेले तीन आठवडे तो परवडणारा कारागीर शोधतो आहे. मी चौकशी करू लागले तर म्हणाला, "आजी, तुला हे नाही कळणार. तुमच्या वेळी असलं काही नव्हतंच."

तुमच्या वेळी नव्हतं, असं मला कोणी सांगितलं की मी ते लेखी खोडून काढते, ही माझी जुनी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा नोंद करून ठेवा: तुमचे वडील जन्मायच्या आधी, गडचिरोलीसारख्या ठिकाणी, आमच्या मोटारीला गरम होणारी सीट होती. ती बिघडली होती. आणि ती परवडेल अशा रीतीनं दुरुस्त करून देणारा माणूस शोधताना आमचा संक्रांतीनंतरचा सगळा पौष आणि माघाचे पहिले दोन-तीन दिवस गेले होते.

गडचिरोली तेव्हा जिल्हा नव्हती, चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातली एक तहसील होती. तुमचे आजोबा तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. गावात वीज नव्हती, पण अधिकारी पुष्कळ होते. मोटार त्यांनी एका गोऱ्या लाकूड-ठेकेदाराकडून घेतली. तो आपला बाडबिस्तरा आवरून मायदेशी निघाला होता, आणि मोटार बरोबर न नेण्याइतका शहाणा होता. तिला कॅनव्हासचा टप होता, खिडक्यांना काचा नव्हत्या, आणि पुढचं बाक एका बाजूनं खचलेलं होतं. धुराची नळी कधीतरी निखळून पडली असावी. कोणीतरी ती तारेनं आवळून वर बांधली होती, ती नेमकी डावीकडच्या बैठकीच्या पत्र्याला टेकली होती. गाडी मैलभर गेली की ती बाजू तव्यासारखी होई. हे आमचं यंत्र. बटण नव्हतं. बंद करायचं तर उठून उभं राहावं लागे.

त्या जागी माझ्या सासूबाई बसत. मी मागे बसायची, कारण पुढे सासूबाई बसल्या असताना सुनेनं त्यांच्या शेजारी बसावं असं कोणाच्या मनातही येत नसे, माझ्याही नाही. सासूबाई चामोर्शीकडच्या एका खेड्यातल्या. धानाच्या बांधीत वाकून वाकून रोवणी केलेली कंबर पन्नाशीतच धरली होती. आम्ही मोटार घेतली त्याआधी दोन वर्षं त्या देवळापलीकडे गेल्या नव्हत्या. बैलगाडीत बसल्या की शंभर पावलांवर "थांबवा" म्हणायच्या. मोटार आल्यापासून मात्र त्या बाजाराला, नदीवर, ओळखीपाळखीच्या बारशाला जाऊ लागल्या. तुमच्या आजोबांना वाटे, हे त्यांच्या गोळ्यांमुळे. मला वाटे, हे मी घालून दिलेल्या वेळापत्रकामुळे. सीटमुळे असेल, हे दोन सुशिक्षित माणसांच्या डोक्यात आलं नाही.

यायचं कारणही नव्हतं. सासूबाई गाडीतून उतरल्या की दर वेळी एकच बोलत. "जळली ते सीट. भाजून काढते माणसाले." हे त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. मग कंबरेवर हात ठेवून ताठ चालत घरात जात. ताठ चालत, हे मी पाहत होते. पण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माणूस काय म्हणतं ते नीट ऐकून लिहून घ्यायचं, असं आम्हाला शिकवलं होतं.

इथे सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं सांगायला हवं. ती चामोर्शीला असे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा तिनं भर बैठकीत सांगितलं होतं, की इंग्रजी शिकलेली सून आणाल तर घराची कचेरी होईल. सासूबाईंनी माझी बाजू घेतली. थोरलीनं आणखी दोन शब्द वापरले, धाकटीनं चार वापरले, आणि लग्नापासून सहा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. म्हणजे त्या भांडणाचं कारण मी, आणि ते कारण रोज सकाळी सासूबाईंसमोर चहाचा कप ठेवत होतं. त्याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. आल्यागेल्याला मात्र सांगत, "माही सून काई कामाची नाई. नुसती लिहित राह्यते." तेही मी ऐकून घेत होते. वाईट वाटे, पण कामाची व्हायचा प्रयत्न म्हणून मी आणखी लिहीत असे.

मार्गशीर्षात तुमच्या आजोबांना बैठकीसाठी चांद्याला जायचं होतं. तिथे मोटारींचा एक नावाजलेला मिस्त्री होता. मी ही संधी साधली. रेघी कागदाला समास आखला आणि मोटारीच्या अकरा तक्रारी क्रमवार लिहिल्या. दिवा डोळा मारतो, भोंगा पावसात वाजत नाही, वगैरे. सातवा मुद्दा असा होता: "डावीकडची पुढची सीट प्रमाणाबाहेर तापते. कारण शोधून दूर करावे." सासूबाईंचा त्रास मी न सांगता दूर करते आहे याचा मला इतका आनंद झाला, की त्या मुद्द्याखाली मी दोन रेघा मारल्या.

मिस्त्री खरोखर नावाजण्यासारखा होता. कागद परत आला तेव्हा अकराही मुद्द्यांपुढे तेलकट बोटानं काढलेली खूण होती. धुराची नळी त्यानं खाली आपल्या जागी बसवली होती आणि वर, कारणच उरू नये म्हणून, सीटखाली जाड पत्रा ठोकला होता. मी तो कागद फाईलला लावला.

सासूबाई पंधरा दिवस गाडीत बसल्याच नाहीत, त्यामुळे माझा आनंद पंधरा दिवस टिकला. मग संक्रांत आली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या चामोर्शीच्या एका बाईनं निरोप दिला. थोरलीच्या पायांवर सूज होती, ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, आणि तिनं विचारलं होतं, धाकटी जिवंत आहे का. आमच्याकडे तिळगूळ द्यायला लहानानं मोठ्याकडे जायचं. तो रथसप्तमीपर्यंत चालतो, पुढे नाही. निरोपात बोलावणं नव्हतं. पण सहा वर्षांत तिनं दार इतकंही उघडलं नव्हतं.

सासूबाईंनी निरोप ऐकला, तीळ भाजायला घेतले आणि म्हणाल्या, उद्या निघू.

निघालो. जानेवारीतली सकाळ, जंगलातला रस्ता, बिनकाचांची गाडी. मैलभर गेल्यावर त्यांनी बसल्या जागी हातानं सीट चाचपली, जशी आपण अंधारात काड्याची पेटी चाचपतो. दुसऱ्या मैलाला पुन्हा चाचपली. चौथ्या मैलाला त्यांच्या तोंडून "थांबव" निघालं, आणि तिथून घरी आल्यावर दोघांनी धरून उतरवावं लागलं. कंबर आखडून दोराच्या गाठीसारखी झाली होती.

खाटेवर पडल्यावर त्यांनी विचारलं, सीटची गरमी कोणी काढली. तुमचे आजोबा म्हणाले, मिस्त्रीनं आपल्या मनानं काढली असावी. नवरा म्हणून ते वाईट नव्हते. पण मला खोटी नोंद सहन होत नाही. मी फाईल आणली आणि सातवा मुद्दा वाचून दाखवला.

"तुम्हीच म्हणत होता ना, भाजते म्हणून," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रोजच्या रस्त्यावर चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"अवं, भाजते म्हनलं म्हनजे बरं वाटते म्हनून म्हनलं," त्या म्हणाल्या. "चार लोकांत बरं हाये म्हनलं असतं तं दृष्ट नसती लागली? इतकं शिकून तुले एवढं नाई समजत?"

बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, दुभत्या गाईला लोकांसमोर खादाड म्हणतात, हे मला माहीत होतं. मोटारीच्या सीटलाही ठिपका लावतात, हे आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांनी वर्षभर तोंडानं ती सीट जपली होती, आणि मी ती दोन रेघा मारून घालवली होती.

दृष्ट कोणाची लागली, हे त्या बोलल्या नाहीत. घरात अक्षर ओळखणारी बाई एकच होती.

मग दुरुस्ती सुरू झाली. चांद्याच्या मिस्त्रीला चिठ्ठी पाठवली, की सातवा मुद्दा रद्द समजावा आणि सीट पूर्ववत तापवून द्यावी. त्यानं तोंडी उत्तर पाठवलं, की तो मोटार दुरुस्त करतो, बिघडवत नाही. डॉक्टरसाहेबांच्या घरात कोणाला बरं नसेल तर त्यानं सहानुभूती कळवली होती. शिवाय बोलावल्यास तो नवी नळी, नवी चौकट आणि वर विजेचं काहीतरी बसवून देणार होता. त्याची किंमत ऐकून तुमचे आजोबा म्हणाले, की यापेक्षा चामोर्शीच इकडे हलवणं स्वस्त पडेल.

तेव्हा गावातल्या अधिकाऱ्यांनी प्रश्न हाती घेतला. रोज संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर सभा भरे. जंगलखात्याचे रेंजर साहेब म्हणाले, माझ्याकडे अस्वलाचं कातडं आहे, ते अंथरा, हिमालयात लोक हेच करतात. ते हिमालयात गेले नव्हते, पण अस्वल खरं होतं. सासूबाईंनी घरातून निरोप पाठवला, की अस्वलावर बसून सोमवार कसा धरायचा ते साहेबांनी आधी सांगावं. तुमच्या आजोबांनी शास्त्रीय उपाय म्हणून दवाखान्यातली गरम पाण्याची रबरी पिशवी दिली. तिचं बूच पहिल्याच खड्ड्यात उडालं. सासूबाई भर बाजारपेठेत गाडीतून ज्या अवस्थेत उतरल्या, ती पाहून पानवाल्यानं तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांनी तुमच्या आजोबांकडून आठवडाभर कुठलंही औषध घेतलं नाही.

तिसरा उपाय माझा होता, म्हणून तो सविस्तर सांगत नाही. भट्टीत विटा तापवून, गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवायच्या. विटा किती वेळ तापवायच्या याचं कोष्टकही केलं होतं. सीटच्या आत काथ्या भरलेला असतो आणि काथ्या पेटतो, ही बाब कोष्टकात नव्हती. आम्ही घागरभर पाणी ओतून मोटार वाचवली. म्हणजे आता आमच्याकडे सीट गरम होत नव्हती एवढंच नाही, सीटही नव्हती. मधोमध ताटाएवढं भोक आणि त्यातून डोकावणाऱ्या दोन स्प्रिंगा.

रथसप्तमीला चार दिवस उरले होते. सासूबाईंनी तिळाचे लाडू डब्यात भरून ठेवले होते आणि त्या रोज सकाळी डबा उघडून पाहत, मग झाकत. त्या सीटबद्दलच बोलत. बहिणीचं नाव काढत नसत. मी मात्र डब्याचा आवाज ऐकला की स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे.

शेवटी त्यांनीच सांगितलं, लोहाराले बोलवा. मी म्हटलं, आई, तो बैलगाड्यांचा लोहार, त्याला मोटारीतलं काय कळणार. त्या म्हणाल्या, "मोटारीतलं कळणाऱ्यानंच तं हे केलं."

लोहार गावाच्या कडेला राहत असे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवणं हे त्याचं मुख्य काम. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर बसवायची आणि पाणी मारायचं, की ती आवळून लाकूड धरते. किती तापली हे तो थुंकी टाकून बघे. तो आला, मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मिस्त्रीचा पत्रा बोटानं वाजवला आणि विचारलं, दुखणं कोणाचं.

मी त्याला यादी दाखवणार होते. त्यानं ती घेतली नाही. सासूबाईंना खाटेसकट अंगणात आणायला सांगितलं. चाकाशिवाय धाव कशी बसवायची, असं त्याचं म्हणणं. भोकात त्यानं धानाचा पेंढा दाबून भरला, वर आमची जुनी घोंगडी चौपदरी अंथरून कडेनं टाचली. घोंगडी लोकरीची, ती सहसा पेटत नाही. पेंढा पेटू नये म्हणून त्याखाली मिस्त्रीचाच पत्रा कापून सपाट घातला. मग सासूबाईंना त्यावर बसवलं, तुमच्या आजोबांना यंत्र सुरू करायला लावलं आणि स्वतः धुराची नळी पुन्हा वर आवळायला तार घेऊन गाडीखाली गेला.

सगळं गाव कुंपणाशी उभं होतं. रेंजर साहेबही.

"आता कसं, बाई?" गाडीखालून आवाज आला.

"नाई, भाऊ. थंड हाये."

तारेला एक पीळ बसला. थोडा वेळ गेला.

"आता?"

"जरासं. डाव्या अंगाले नाई."

असा अर्धा तास गेला. एकेक पीळ, आणि प्रत्येक पिळाला त्या बसल्या जागी डोळे मिटून सांगत, कुठवर आलं. मी इतकी वर्षं त्यांच्या दुखण्याच्या नोंदी ठेवत होते, पण नेमकं कुठे दुखतं हे मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं, तेही मोटारीखाली पडलेल्या माणसाला सांगताना. शेवटचा पीळ बसला. लोहारानं पुन्हा विचारलं. तेव्हा कुंपणाकडे बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बापा, हे तं लय भाजून राह्यलं."

लोहार लगेच बाहेर आला आणि हात पुसू लागला. त्याला आणखी विचारावं लागलं नाही. तुमच्या आजोबांनी खिशात हात घातला तर तो म्हणाला, नवं काही बसवलं असतं तर घेतलं असतं, हे तर होतं तसं करून दिलं. धुरानं लाल झालेल्या डोळ्यांसाठी औषधाची बाटली मात्र त्यानं घेतली, आणि जाताना मला सांगितलं, "बाई, हे कुठी लिहून ठेवू नका." इतकी वर्षं ठेवलं नाही.

रथसप्तमीच्या सकाळी निघालो. वाटेत सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला: गाडी उभी ठेवून यंत्र चालू ठेवलं तर तेल किती वेळ पुरतं. तुमच्या आजोबांना वाटलं, आईला यंत्रात रस वाटू लागला. त्यांनी खूश होऊन सविस्तर उत्तर दिलं.

थोरलीच्या दारात गाडी थांबली. ती उंबऱ्यात पाय पसरून बसली होती, शालीत गुंडाळलेली, पाय सुजलेले. उठली नाही. सासूबाईही उतरल्या नाहीत. दोघी पाच-सात हातांवरून एकमेकींकडे बघत होत्या आणि गाडी तशीच धडधडत होती. तुमचे आजोबा यंत्र बंद करायला गेले तर सासूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग त्या सरकल्या. ज्या जागेवर त्यांनी वर्षभर कोणाला बसू दिलं नव्हतं, ती रिकामी करून त्या बाकाच्या मधल्या थंड भागात गेल्या.

"ये, बाई," त्या म्हणाल्या. "बस इथी."

तुमच्या आजोबांनी आणि मी थोरलीला दोन्हीकडून धरून आणलं आणि बसवलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मी पाहिला. तिनं सुजलेले पाय वर घेतले, घोंगडीवर दुमडले, आणि शेजारपाजारच्या बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "कसली मोटार वं ही? चटके देऊन राह्यली."

"जळो ते," सासूबाई म्हणाल्या, आणि डबा उघडला.

तुमचे आजोबा खालीच थांबले. दोघी बहिणी उभ्या मोटारीत बसून सहा वर्षांचं बोलल्या, आणि गाडी दारात उभी राहून चालत राहिली. दुपारच्या सुमारास यंत्रानं दोन आचके दिले आणि ते थांबलं. तेल संपलं होतं. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून येणाऱ्या प्रवासी मोटारीनं तेलाचा डबा येईपर्यंत मुक्काम करणं भाग होतं. तुमचे आजोबा त्याबद्दल क्षमा मागू लागले, तर सासूबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर वेंधळा म्हटलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

निघताना मी थोरलीच्या पाया पडले. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, सहा वर्षांपूर्वी बैठकीत न्याहाळलं होतं तसंच.

"तुही सून काई कामाची नाई दिसत," ती बहिणीला म्हणाली.

"नाईच," सासूबाई म्हणाल्या, आणि शेजारणीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाल्या, "अजिबात नाई."

या खेपेस मी ते लिहून घेतलं नाही.

मोठ्याला सांगा, गॅरेजवाल्याकडे पुन्हा जाण्याआधी मला फोन कर. त्या सीटवर कोण बसतं, हे त्यानं मला सांगितलेलंच नाही. आणि ती बसणारी त्या सीटबद्दल काय काय वाईट बोलते, तेही मला जसंच्या तसं ऐकायचं आहे.